तिसऱ्या लॉकपाशी न लिहिलेली चिठ्ठी

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला राहायचो. मी अमेरिकन आर्मी रिझर्व्हमध्ये मेडिक होते, रँक स्पेशलिस्ट फोर. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना हे सांगितलं की त्या आधी हसायच्या, मग विचारायच्या, "अगं, पण तिथे तू नेमकं करतेस काय?" तर ऐका. महिन्यातून एक वीकएंड ड्रिल, उन्हाळ्यात दोन आठवडे कॅम्प. बँडेज, स्ट्रेचर, इंजेक्शनं. आणि कॅम्पात रोज सकाळी सिक कॉल. ज्याला बरं नाही त्याची नाडी बघायची, ताप बघायचा, चिठ्ठी लिहून डॉक्टरकडे द्यायची. मेडिकने चिठ्ठी लिहिली की कर्नलसुद्धा ती फाडू शकत नाही. मी मॅट्रिकपुढे शिकले नाही, इंग्रजी टीव्ही बघून शिकले, पण चिठ्ठ्या माझ्या चोख असायच्या.

त्या जुलैत कॅम्प इंग्लंडमध्ये होता. एका रिकाम्या पडलेल्या हॉस्पिटलात कॉट लावायच्या, मोजायच्या, पुन्हा काढायच्या. मधल्या रविवारी सुट्टी मिळाली. एकट्याने बाहेर जायचं नाही, जोडीनं जायचं, असा नियम. १३०० ला, म्हणजे दुपारी एकला, सही करून बाहेर, १७०० ला हजर. माझी जोडी लागली सार्जंट प्रुइटबरोबर.

प्रुइट आमचा प्लटून सार्जंट. वय चव्वेचाळीस, इलिनॉयचाच, एरवी पेशाने गवंडी. माझ्या पहिल्या फिटनेस टेस्टला, दोन मैल धावताना, मी शेवटच्या फेरीत ट्रॅकवर बसकण मारली होती. हा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"के," म्हणाला, कारण कुलकर्णी तिथे कुणालाच म्हणता यायचं नाही, "उठतेस, की तुझ्याभोवती इथेच भिंत बांधू?"

उठले. ती फेरी तो माझ्या बाजूने धावला. त्याच्यामुळे मी फौजेत टिकले, एवढं लक्षात ठेवा.

गावाचं नाव विसरले, गाव नाही. दगडी चर्च, गवताने शाकारलेली जुनी घरं, आणि मधोमध अरुंद कालवा. त्याच्या काठाने पायवाट. पूर्वी घोडे त्या वाटेने चालत मालाच्या बोटी ओढायचे. आता त्या लांबोडक्या बोटींत लोक सुट्टी घालवतात, टपावर फुलांच्या कुंड्या ठेवतात. पहिल्या पुलापाशी प्रुइट थांबला. कमानीच्या कडेला बोटभर खोल खाचा होत्या.

"दोरीच्या," तो म्हणाला. "ओली दोरी, शंभर वर्षं. बघ दगडाचं काय केलंय." आणि तळहात भिंतीला लावून उभा राहिला. पुढच्या पुलापाशी विटांचे थर मोजले. मग चर्चच्या कुंपणाची भिंत बघितली. मग नुसतीच बदकं.

"सार्जंट, आमच्याकडे वरात याच्यापेक्षा जोरात चालते."

"रविवार आहे, के. रविवारी कुणी मार्च करतं का?"

मी हसले. दीड मैलाला सत्तर मिनिटं लागली, तेव्हाही मी हसतच होते. गवंडी माणूस, भिंती बघणारच, असं वाटलं.

कालव्यावर तीन लॉक होती. लॉक म्हणजे बोट वर-खाली चढवायचा दरवाजे लावलेला हौद. दरवाजाला लांब लाकडी दांडा असतो, तो पाठीने रेटायचा. तिसऱ्या लॉकपाशी बोटीवरून एक म्हाताऱ्या बाई ओरडल्या, "जरा हात लावता का?" मी पुढे झाले, तर त्याने मला बाजूला केलं. दांड्याला पाठ लावली, टाचा विटांत रोवल्या, दरवाजा हलला. बोट गेली. बाईंनी हात हलवला. प्रुइट दांड्यावरच बसला. ओठ राखेसारखे. कपाळावर घाम, आणि हवा तर गार.

न विचारता मनगट धरलं. घड्याळ बघून साठ सेकंद. एकशे अठ्ठावीस. वेळ १४४०.

"खांदा दुखतो?"

"डावा. जुना आहे, विटा उचलून."

"धाप कधीपासून?"

"ईस्टरपासून." मग म्हणाला, "के, चिठ्ठी लिहू नकोस."

फौजेत वीस वर्षं पूर्ण व्हायला त्याला दोन महिने होते. सप्टेंबरची धावण्याची टेस्ट दिली की वीस वर्षांच्या नोकरीचं पत्र हातात, म्हणजे पेन्शन पक्कं. त्याच्या वडिलांना फौजेच्या डॉक्टरांनी नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी घरी पाठवलं होतं. ते मरेपर्यंत तेच बोलायचे.

"टेस्ट होऊ दे. त्यानंतरच्या सोमवारी स्वतः डॉक्टरकडे जातो. शब्द देतो."

"बायकोला माहीत आहे?"

"तुला काय वाटतं?"

इथे मला भीड पडली. आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही, तशी. ज्याने मला उठवलं, त्याला मी बसवू? फौजेत भिडेला जागा नाही, हे मला शिकवलं होतं, नव्या मुलींना मीही शिकवायचे. तरी म्हटलं, "सप्टेंबर. एक दिवस पुढे नाही." परतताना मुद्दाम हळू चालले. पुलापाशी मीच थांबले, खाचेत बोट घालून उभी राहिले, त्याला दम घेता यावा म्हणून. १६५० ला सही करून आत.

सप्टेंबर, शनिवार. इलिनॉयमधल्या एका शाळेचं मैदान, आठ फेऱ्या. मी शेवटच्या रेषेपाशी, हातात औषधांची बॅग. प्रुइट ०७४० ला सुटला. दर फेरीला मला अंगठा दाखवायचा. सातव्या फेरीला दाखवला नाही. लांबच्या वळणावर गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला.

धावत गेले. रेडिओ उचलला.

"मॅन डाउन, लांबचं वळण. नाडी नाही. अँब्युलन्स पाठवा."

"रिपीट. नाडी?"

"नाडी नाही. या लवकर."

छाती दाबत राहिले. अँब्युलन्स ०८०३ ला आली. हॉस्पिटलात ०८३१ ला सगळं थांबवलं.

दुपारी कॅप्टनने विचारलं, "स्पेशलिस्ट, काही तक्रार, काही लक्षण, तुझ्या कानावर आलं होतं?"

"नो, सर."

हे दोन शब्द आज पहिल्यांदा कबूल करते आहे. घरी ह्यांनासुद्धा सांगितले नव्हते.

अंत्यविधीला त्याच्या बायकोने माझे हात धरले. "तूच के ना? त्या कालव्याबद्दल किती बोलायचा! म्हणाला, इतकं निवांत आयुष्यात कधी चाललो नाही." मला हात सोडवता येईनात.

आमच्या रिझर्व्ह सेंटरच्या दारात पितळी पाटी आहे, लढाईत गेलेल्यांची. प्रुइट शाळेच्या मैदानावर गेला, त्यामुळे त्याचं नाव तिथे नाही. म्हणून मंडळाच्या या अंकात, जिथे त्याला ओळखणारं कुणीच नाही, ती चिठ्ठी लिहिते. तेव्हा लिहायची होती तशीच.

सिक कॉल. सार्जंट फर्स्ट क्लास हॅरल्ड प्रुइट. वय ४४. रविवार, १४४०, तिसरं लॉक. नाडी १२८. धाप, ईस्टरपासून. डावा खांदा दुखतो. ओठ राखाडी. याला धावू देऊ नये. आजच डॉक्टरकडे न्यावं.

सही, स्पेशलिस्ट फोर कुलकर्णी.