देवीला पास समजावताना

ज्याच्या घराण्यात आजवर अंगठ्याशिवाय दुसरी सही कुणी केली नाही, त्याने आठवणी लिहाव्यात हे जरा अतीच झाले. वाचकांनी सांभाळून घ्यावे. मी कॉलेजात जातो एवढाच माझा अधिकार, आणि तोही एकदा हातचा जाता जाता राहिला.

आमचे गाव कोपरीच्या पुढे, खाडीला लागून. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा बाबांनी सांगून टाकले की पास झालास तर पुढे शीक, नाही तर मुकादमाने मिठागरावर तुझी जागा धरून ठेवली आहे. निकाल काही लागेना. कल्याणचा माझा एक सोबती मुंबईतच राहिला होता. यादी लागली की येऊन सांगतो म्हणाला होता, पण त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी आईने ठरवले की देवीला कौल लावायचा. आमच्याकडे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवतात आणि गुरव प्रश्न घालतो. उजवे पडले तर होय, डावे पडले तर नाही. कॉलेजात मी तर्कशास्त्र वाचत होतो, तरी त्या सकाळी आंघोळ करून सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसलो होतो.

मुलगा पास होईल का विचारा, असे आईने म्हणताच गुरव थांबला. देवीला इंग्रजी येत नाही, म्हणाला. पास म्हणजे काय ते आधी सांगा.

मुकादमाने लगेच सांगितले, की पास म्हणजे सरकारी कागद, तो असल्याशिवाय मिठाची गोण नाक्याबाहेर जात नाही. रेल्वेच्या लायनीवर असलेल्या काकांना हे पटले नाही. पास म्हणजे पैसे न देता गाडीत बसणे, आणि ते स्वतः वर्षातून एकदा तसे बसतात. पलटणीतून परत आलेले एक म्हातारे म्हणाले की दोघेही चुकता, साहेब छाती मापतो आणि ‘पास’ म्हणतो. हे ऐकून गुरवाने माझ्या छातीकडे पाहिले आणि काळजीने मान हलवली.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी चाचरत म्हणालो, की मी कागदावर लिहितो, मला कधीही न पाहिलेला साहेब ते वाचतो आणि त्याला पटले तर मी पास.

"पन लिवतोस काय?" गुरवाने विचारले.

"साहेबांच्या पुस्तकात असतं तेच."

"मंग त्याला म्हाईत नाय का?"



तोवर फुले सुकू लागली होती. बाबा उठले आणि हात जोडून सरळ देवीशीच बोलले. "देवी आई, यो पोर मिठागरावं येल का? तवरंच सांग."

उजवे फूल टपकन पडले.

आईने ते फूल उचलून पदराला बांधले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या मागून मिठागरावर गेलो.

हंगामाच्या सुरुवातीला वाफ्याचा तळ पायांनी तुडवून सपाट करावा लागतो. मी जिथे जिथे तुडवले तिथे तिथे खड्डा पडला, आणि जिथे पाय घसरला तिथे मी अख्खा बसल्याचा ठसा उमटला. बाजूच्या वाफ्यातल्या बायका विचारू लागल्या, कॉलेजात चालायला शिकवत नाहीत काय. बाबा माझ्या मागून खड्डे बुजवत येत होते.

दुपार कलताना बांधावरून कुणीतरी जोडे हातात घेऊन, धोतर गुडघ्यावर धरून डुगडुगत येताना दिसले. तो माझा कल्याणचा सोबती होता.

"अरे, पास झालास," तो दुरूनच म्हणाला. "यादीत माझ्याही वर आहेस, मेल्या."

मी चिखलात तसाच उभा राहिलो. सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबांनी देवळाच्या दिशेने एकदा हात जोडले.

"देवी खोटी नाय बोलली," ते म्हणाले. "आयलास नं मिठागरावं? आता निंग वर. वाफा नासवलास तवरा पुरे."