तिसरी भाकरी

तांदळाच्या उकडीची वाफ नाकात शिरली, की मला मुलुंडचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. आईची तेव्हा केमो चालू होती. औषध लालसर, सलाइनमधून थेंबथेंब उतरायचं. ते चरबीच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं असतं, डॉक्टरांनी समजावलं होतं, त्यामुळे हृदयाला त्रास कमी, केसही सहसा टिकतात. पण तळहातांत ते झिरपतं, म्हणून आठवडाभर गरम पाणी नाही, चोळणं-थापणं नाही. केस राहणार म्हणून आई खूश होती. बांगड्या तेवढ्या काढून ठेवल्या. बाबा पोळ्या विकत आणायचे. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून वैतागून आले आणि ताट बघून बोलून गेले, "यार, पुन्हा ह्याच चामड्या?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यातच उकडीचा वास आला. आत तव्यावर भाकरी टम्म फुगलेली. "अगं, हात तुझे!" मी ओरडले. "काय होवचा नाय गो, गरम आसा तवसर खा," आई म्हणाली. मी तीन खाल्ल्या. काही दिवसांत तिचे तळहात लालबुंद झाले, सालं निघाली आणि पुढचा डोस दोन आठवडे लांबला. "गरम कशाला हात लावला?" डॉक्टरांनी विचारलं. "कपडे धुतले," आई चटकन म्हणाली. मी शेजारीच बसले होते, खाली बघत. आता आई नाही. भाकऱ्या मीच थापते, तिच्यासारख्या फुगतातही. पण तिसरी माझ्या ताटात कधी येत नाही.