शेंडी होती की नव्हती

माझी पदवी बी.ए. मराठी, सेकंड क्लास, आणि आमच्या घराण्यातली पहिली. बाबा चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी ती फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगली. कॅनडात ती पाहून एकजात सगळ्यांनी विचारलं, "बाकी काय येतं?" म्हणून विनिपेगच्या एका विमा कंपनीत मी फॉर्मांवरची स्पेलिंगं तपासते.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी इथेच जन्मलेला चिनी. चिनी त्याला माझ्याइतकीच येते, म्हणजे येत नाही. गेल्या विंटरमध्ये त्याचे वडील वारले. राख त्यांच्या गावी न्यायची होती, आणि गावाचा पुरावा एकच: जुन्या इमिग्रेशनच्या कागदावर टाइप केलेलं Changchow.

एचआरच्या बाईंनी लगेच सगळ्यांना मेल टाकला: अशी जुनी स्पेलिंगं साहेबी काळातली, अपमानास्पद, वापरू नयेत. त्या दिवशी लंचला त्यांनीच पेकिंग डक मागवलं होतं. मॅनेजरसाहेब तीन वीकेंड मँडरिन शिकलेले. त्यांनी फोनवर पाहून निकाल दिला, "आता त्याला Changzhou म्हणतात. शांघायजवळ. बुक कर." त्याने बुकही केलं.

कॉफी घेताना मी त्याला सहज विचारलं, "वडील कसं म्हणायचे रे?"

"ताटात भात टाकला की ओरडायचे," तो म्हणाला आणि थेट बापाचा आवाज काढला, "च्यांगच्यूत कोणी भात टाकत नाही!"

"परत म्हण. छ्यांग नाही ना?"

"फरक काय?"

फरक काय म्हणे! मी च म्हटलं, छ म्हटलं; जमलेल्या ऑफिसला दोन्ही एकच. शेवटी एफ.वाय.ला अल्पप्राण-महाप्राण शिकवताना सरांनी केलं होतं तेच केलं. तोंडासमोर टिश्यू धरला. छ म्हटलं, उडाला. च म्हटलं, जागच्या जागी. मग त्याच्या तोंडासमोर धरून बापाचं वाक्य तीनदा म्हणायला लावलं. टिश्यू ढिम्म.

मग आम्ही दोघांनी शोधलं. जुन्या पद्धतीत छ लिहायचा तर Ch च्या मागे अपॉस्ट्रॉफीची शेंडी. च आपला बोडका. टायपिस्ट लोकांनी सगळ्यांच्याच शेंड्या कापल्या, आणि शेकडो किलोमीटर लांबची दोन गावं कागदावर एक झाली. शांघायजवळचं छ चं. च चं पार दक्षिणेला, आता Zhangzhou.

"तुम्ही चायनीज शिकलाय का?" मॅनेजरसाहेब हसत म्हणाले.

"नाही. मराठी शिकलेय."

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि तिकीट बदललं.

दोन आठवड्यांनी तिथून त्याचा मेसेज आला: "एका फळवाल्या म्हातारीला गावाचं नाव विचारलं. तोंडासमोर टिश्यू धरला म्हणून ती चिडली. पण हलला नाही. बाबांना नदीत सोडलं."