बाळंतिणीच्या खोलीतला गरम वारा

"हा एसी बदला बाबा, नाही त मी चालली पुण्याले," रोशनीनं जाहीर केलं. मांडीवर महिन्याचं बाळ, घामोळ्यांनी लाल. लेक बाळंतपणाला येणार म्हणून मेश्राम काकाजींनी नवा एसी लावला होता. तो बिचारा सकाळपासून अख्खं नागपूर थंड करत होता, फक्त ही खोली सोडून.

"मशीनच खराब आहे," काकाजी म्हणाले. त्यांना मशीनमधलं सगळं कळतं. हिंगण्याच्या फॅक्टरीत जन्म गेला, अकाउंट्समध्ये.

खोलीतली हवेची गळती शोधून बुजवणं हा माझा धंदा, म्हणून काकाजींनी मला बोलावलं होतं. मी एसीसमोर हात धरला. हवा गारेगार. मशीन निर्दोष. म्हणजे लीकेज. एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. बाहेरची झळ आत शिरत राहिली तर त्याचं काम संपतच नाही.

बाळाला हॉलमध्ये पाठवलं, दारंखिडक्या लावल्या आणि माझं अत्याधुनिक यंत्र काढलं: अगरबत्ती. धूर सरळ चढला तर भिंत प्रामाणिक. कपाटामागे धूर वाकडा झाला. कपाट सरकवलं. तिथे जुन्या कूलरची खिडकी. सुतारानं थर्माकोल लावून वर वॉलपेपर चिकटवला होता. फार सुंदर फुलं होती. मी प्लायवूड ठोकलं, कडेनं सिलिकॉन भरलं. एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात कोंबलेला पेपर काढून तिथे फोम भरला. धूर सरळ. टाळ्यांची अपेक्षा होती, चहा मिळाला.

दुसऱ्या दिवशी काकाजींचा फोन. "भाऊ, खोली तापून राहिली. रोशनी बॅग भरून राहिली."

गेलो. पुन्हा अगरबत्ती. धूर आता जाड पडद्याकडे पळाला. पडदा सारला, तर मागची खिडकी चार बोटं उघडी. मी लावली. काकू आल्या आणि माझ्यादेखत त्यांनी ती उघडली.

"काकूजी, काहून उघडली?"

"बंद खोलीत उमस नाही होत का गा? लेकराले गुदमरल्यासारखं होते."

कूलरसाठी अगदी बरोबर. तो बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट हवीच. एसीचं उलटं.

"म्हणजे रोज तूच उघडत होती?" काकाजी कडाडले.

"मंग? तुमीच त शिकवलं मले, लग्न झाल्याबरोबर."

काकाजींना अचानक हॉलमध्ये काम आठवलं.

खिडकी लावली. तासाभरात बाळ दुपट्यात गुरफटून झोपलं. रोशनीनं बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले, अर्थात मी ते कपाट जागेवर सरकवल्यावर.

हल्ली मी अगरबत्ती पेटवण्याआधी एवढंच विचारतो, की या घरात कूलर किती वर्षं होता.