होय म्हाराजा

बंदरावरच्या चौकीतला हवालदार रोज माझ्या दुकानात विडी ओढायला यायचा. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा लोक हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणतात ना, तसंच तो फौजदाराच्या प्रत्येक हुकमाला म्हणायचा. हातसुद्धा जोडायचा.

गोव्यात पोर्तुगीजांशी लढणारी पोरं तेव्हा होडीने आमच्याकडे लपायला येत. तिकडचं सरकार त्यांना दहशतवादी म्हणे. आमचा हवालदार त्यांना देशभक्त म्हणे आणि चौकीत बसवून चहा पाजी. मग दिल्लीचं धोरण फिरलं. हत्यारबंद माणसाला किनाऱ्यावर उतरू द्यायचं नाही, असा हुकूम आला.

त्याच आठवड्यात त्यांतला एक जण खांद्याला बंदूक आणि मांडीत गोळी घेऊन आला. बंदरावर मी आणि हवालदार दोघेच होतो. हवालदाराने काठी टेकवून होडी मागे ढकलली.

"अरे, ह्याका तू चाय पाजलंस!" मी ओरडलो.

"तेवा हुकूम वेगळो होतो," तो म्हणाला आणि विडी पेटवू लागला.

होडी परत फिरली ती थेट पोर्तुगीजांच्या गस्तीच्या तोंडी. पोरगा तिकडच्या तुरुंगात मेला.

गोवा सुटल्यावर गावाने त्या पोरासाठी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ज्येनी आमच्या पोराचो जीव घेतलो, तेका तू बघून घे रे म्हाराजा!"

मी मान वळवली. शेजारी हवालदार हात जोडून उभा होता. 'होय म्हाराजा' म्हणताना सगळ्या देवळात त्याचाच आवाज मोठा होता.