मुदत संपली, एवढंच

फाइलवर पाच नावं होती. मेहतासाहेबांनी चार नावांपुढे सही केली आणि पाचव्या नावावर पेन्सिलीने रेघ मारली.

"केतकीचं रिन्यू करायचं नाही."

सावली गावाजवळच्या औषध कारखान्यात मी एचआर मॅनेजर होतो, मेहतासाहेब प्लांट हेड. केतकी लॅबमध्ये केमिस्ट, एफटीसीवर. म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर. आमच्याकडे तो एका वर्षाचा असे. काम बरं असेल तर पुढे नवा करायचा. तिचा तीनदा झाला होता.

महिन्याभरापूर्वी ती माझ्याकडे अर्ज घेऊन आली होती. तिसरा महिना चालू होता. लॅबमध्ये दिवसभर सॉल्व्हंटच्या वाफा, बाळाला त्या बऱ्या नाहीत. म्हणून रेकॉर्डच्या टेबलावर बसवा, एवढीच विनंती. मी अभिनंदन केलं आणि अर्ज वर पाठवला. वर म्हणजे मेहतासाहेबांकडेच.

"साहेब, पाचांत तिचंच रेटिंग सगळ्यात वर आहे," मी म्हणालो.

"सहा महिने रजेवर जाणार. तोवर दुसरं माणूस आणा, शिकवा. कोण करणार?"

"गरोदर बाईला काढता येत नाही. कायदा आहे."

"काढतंय कोण? कॉन्ट्रॅक्ट पूरो थयो, वात पूरी." करार संपला, विषय संपला.

पत्र दोन ओळींचं होतं. कारण लिहायचं नव्हतं. सही माझी होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तेवढं कारण मला त्या दिवशी पुरलं.

केतकीने पत्र उभ्यानेच वाचलं. "सर, मी सांगितलंच नसतं तर?"

"त्याचा काही संबंध नाही. मुदत संपली, एवढंच."

तिने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि लॅबमधल्या कुणाला न भेटता गेली.

पंधरा दिवसांनी आम्ही केमिस्टची जाहिरात दिली. दुपारी तिचा फोन आला.

"सर, ही माझीच जागा ना? अर्ज करू?"

"नको करू, केतकी."

"का, ते लिहून द्याल?"

मी फोन ठेवला.

ती लेबर ऑफिसात गेली. सुनावणीला आली तेव्हा सातवा महिना होता, शेजारी सासूबाई. आमच्या वकिलाने सांगितलं, मुदतीचा करार आपोआप संपला, आणि बाई गरोदर आहेत हे कंपनीला माहीतच नव्हतं. केतकीने अर्जाची प्रत पुढे केली. त्यावर ना शिक्का, ना कुणाची सही. अर्ज दिला त्या दिवशी तिने पोच मागितली होती. "घरच्यासारखं आहे गं, पोच कशाला?" असं मीच म्हणालो होतो.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "हा अर्ज तुम्हाला मिळाला होता?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. केतकी अर्जाकडे.

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी तडजोड झाली नाही असा शेरा लिहिला आणि तिला कोर्टाचा रस्ता सांगितला. आठव्या महिन्यात ती कोर्टात गेली नाही. नंतरही नाही. आता कारेलीबागेत घरी केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेते. माझ्या घरापासून दोन सोसायट्या पलीकडे. समोर आली तर स्कूटर हळू करत नाही.

करारावर काम करणाऱ्या मुली कधीकधी सल्ला विचारतात. मी सांगतो, प्रत्येक अर्जाची पोच घ्या. समोर माझ्यासारखा भला माणूस बसला असेल, तर शिक्क्यासकट घ्या.