एका राज्याचा राजा

"मास्तर, तुमचा मानूस पडला. धरा पेढा."

चेअरमननी पेढा वरून सोडला. माझा हात पुढे होता, पण पेढा बोटांना घासून खाली पडला. मातीत. मी सोसायटीच्या कचेरीच्या पायरीवर, बाकी सगळे आत सतरंजीवर.

"उचला. अमेरिकेचा परसाद हाय."

आत हशा. मी पेढा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. हो, खाल्ला. दुष्काळ होता, रेशनवर अमेरिकेचाच लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळत होता, आणि पेढा म्हणजे शेवटी पेढा. हे सांगतो तेव्हा माझी मुलं विचारतात, गोड होता का? होता.

हे बहात्तर सालचं. पुणतांब्याच्या अलीकडचं आमचं गाव. मी प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या वस्तीनं धर्म बदलला त्याला पंधराएक वर्षं होऊन गेली होती. गावानं काही बदलल्याचं मात्र माझ्या कानावर आलं नव्हतं. वस्तीतली माणसं दिवसभर राबून जेवली की आडवी व्हायची. गावात मला कोणी बोलवत नव्हतं. इंग्रजी वाचून वाचून मी अगदी एकटा पडलो होतो. मग पगारातून ट्रान्झिस्टर घेतला. संध्याकाळी त्यावर अमेरिकेच्या बातम्या लागायच्या. खरखर जास्त, बातमी कमी.

सोसायटीच्या चेअरमननी ते ऐकलं. ऊस त्यांचा, सोसायटी त्यांची, पंचायतही त्यांचीच. म्हणाले, "मास्तर, आनत जा तुमचा रेडू. आमालाबी सांगत जा, जगात काय चाललंय."

मी हरखलो. रोज संध्याकाळी पायरीवर बसून इंग्रजीचं मराठी करून सांगायला लागलो. मला वाटायचं, आपण गावात आलो. पायरीपर्यंत का होईना, आलो.

चहा यायचा. त्यांना ट्रेमधल्या कपबशा. माझा कप खिडकीबाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेला, पालथा. शिपाई किटली उंच धरून ओतायचा. पिऊन झालं की तो तांब्यातून वरून पाणी सोडायचा, मी कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. तोंडानं अमेरिका चालूच. "तिकडं काळ्या माणसांना आता गोऱ्यांच्या शेजारी बसता येतं," असं मी सांगायचो. कप विसळत. कोणी हसायचं नाही. मीही नाही.

त्या साली अमेरिकेत निवडणूक होती. खुर्चीवर जो होता, तो ज्याला त्याला आपापल्या जागी ठेवू पाहणाऱ्यांचा लाडका. समोरचा म्हणत होता, लढाई थांबवा, गरिबाला पोटभर द्या, काळ्यांचं आणि बायकांचं ऐका. तो माझा. माझं तिकडं ना मत, ना ओळख. पण झोप माझी उडाली. बायको म्हणायची, "आवो, त्याच्या बायकूला तरी एवढा घोर असंल का?"

घोर का होता, सांगतो. आमच्या गावात निवडणूक होतच नव्हती. पंचायत बिनविरोध. तो गावाचा मान म्हणे. देवळात बैठक बसायची, चेअरमन नावं सांगायचे, सगळे देवापुढचा बेलभंडार उचलून शपथ घ्यायचे, संपलं. आमची वस्ती देवळाबाहेर उभी. आतून आवाज यायचा, "कुनाचा इरोध?" बाहेर आम्ही माना हलवायच्या. आमच्या राखीव जागेवरचा माणूससुद्धा तेच निवडायचे. तोंड न उघडणारा. तेव्हा मी माझी सगळी मतं अमेरिकेत नेऊन टाकली होती.

चेअरमनना त्या खुर्चीवरच्याचं प्रेम होतं असं नाही. आदल्या वर्षी आपली लढाई चालू असताना त्यानं आपल्यावर आरमार धाडलं, तेव्हा सगळ्यांत सणसणीत शिव्या त्यांनीच घातल्या होत्या. तरी म्हणायचे, "बसलेल्या मानसाला उठवू न्हाई, मास्तर. घडी मोडती."

"तिकडचे लोक विचार करून मत देतात," मी म्हणायचो. "बघाच."

बघितलं. मधल्या सुट्टीत ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलं. एक राज्य सोडून सगळी राज्यं खुर्चीवरच्यानं घेतली. माझ्या माणसाला ते एकच.

त्या संध्याकाळी जायला नको होतं. पण दुसरीकडे जाणार कुठे? गेलो. पेढ्याचं तुम्हाला सांगितलंच.

पेढ्यामागून चहा आला. चेअरमन रंगात होते. "म्हंजी अमेरिकेतबी बिनविरोधच झालं म्हना की!"

"बिनविरोध नाही," मी म्हणालो. "एक राज्य विरोधात गेलं."

"एक! बरं, ते तुमचं. तुमी एका राज्याचे राजे. ए, राजांना च्या वत." हशा थांबेना. "तिकडच्या लोकांना कळतंय बगा, मास्तर. ज्यानं त्यानं आपला कप वळखावा."

किटली उंच झाली. चहा कपात पडला, थोडा बोटांवर.

मला सगळं उशिरा कळतं, असं बायकोचं मत आहे. त्या दिवशी बोट भाजल्यावर कळलं. मला चिडायला अमेरिका बरी पडत होती. तिथपर्यंत चेअरमनचा हात पोचत नव्हता.

शिपाई तांब्या घेऊन आला. मी उठलो. पायरी चढलो. आत गेलो. सतरंजीच्या कडेकडेनं. माझा उष्टा कप ट्रेमध्ये ठेवला. त्यांच्या कपांना चिकटून.

"मास्तर, कप चुकला."

"नाही चुकला."

एवढंच बोललो. जोरदार भाषण घरी जाताना सुचलं. ट्रान्झिस्टर बंद करायचं विसरलो होतो; तो काखेतून इंग्रजीत बोलत होता.

दुसऱ्या सकाळी शाळेत जाताना उकिरड्यावर सगळे कप दिसले. फोडलेले. त्यांच्यात माझाही. आमच्या गावात सगळे कप पहिल्यांदा एका जागी बसले, ते असे.

त्यानंतर कोणी शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं, कोणी बोललं तरी असतं. वस्तीतलेही दार चुकवून जायला लागले. एकानं सांगितलं, "मास्तर, तुमाला पगार हाय. आमाला त्यांच्याच बांधावर जायाचं हाय." खरं होतं ते. त्याच्यावर रागावता येईना. मी बातम्या लावायचो आणि भिंतीला मराठीत सांगायचो. खोटं कशाला बोलू, पायरीची आठवण यायची. त्या चहाचीसुद्धा.

मग पंचायत निवडायची वेळ आली. आत बेलभंडार मांडलेला. वस्ती बाहेर उभी. "कुनाचा इरोध?" माना हलायला लागल्या.

"आहे," मी म्हणालो.

चेअरमन देवळाच्या दारात आले. "तुमी सरकारी नोकर, राजे. तुमाला उभं ऱ्हाता येत न्हाई."

नियम त्यांना माझ्याहून पाठ होता. माझं राज्य तिथंच बुडालं.

"मला येतंय की."

मागं वळून पाहिलं. बायको होती. घरी या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. खरं तर ती मला भाजीसुद्धा विचारून करत नाही.

मतदान माझ्याच शाळेत झालं. ती पडली. चांगलीच पडली. घरी जाताना आमच्याबरोबर कोणी चाललं नाही. पाठीमागून आरोळी आली, "राजा चालला! रानी चालली!" मी खाली मान घालून चाललो. ती म्हणाली, "मान वर करा. इरोध झाला का न्हाई? झाला."

महिन्याभरात माझी बदली झाली, जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. ती गावातच राहिली, मतदारयादीत नाव राहावं म्हणून. संसार आम्ही एस.टी.च्या फेऱ्यांवर केला. कधी ती उभी राहिली, पुढे कधी थोरली मुलगी. दोघीही पडल्या. पुढच्या खेपेलाही उभ्या राहतील, आणि पडल्या तर त्याच्या पुढच्या खेपेला.

बेलभंडार कितीही उचला. या गावात आता "कुनाचा इरोध?" म्हणून विचारायची गरज नाही. आमचा आहे. धरून चाला.